ओल्या पिठाची रेघ

माय, परवा मेहकरहून एसटीनं डोणगावात उतरलो तेव्हापासून एक गोष्ट सांगत सुटलोय. तुझ्या सुनेला दोनदा सांगितली, शेजारच्या काकांना सांगितली, गव्हाच्या मळणीला आलेल्या माणसांनाही सांगितली. सगळे बर्फाचे फोटो बघतात, "बापरे, एवढा बर्फ!" म्हणतात आणि उठून जातात. बर्फाचं कौतुक मलाही होतं पहिले चार दिवस. पण गोष्ट बर्फाची नाही, पट्ट्याची आहे, आणि पट्ट्याची गोष्ट रस घेऊन ऐकणारं माणूस या घरात तुझ्याशिवाय दुसरं कोणी नव्हतं. तुला जाऊन एकोणीस वर्षं झाली. म्हणून शेवटी कागद घेऊन बसलो.

या हिवाळ्यात मी काश्मीरात होतो, कंत्राटावर मेकॅनिक म्हणून. डोंगरातलं एक गाव, तिथं दवाखान्याची छोटी खोली, आणि तिच्या शेजारी पत्र्याच्या शेडमध्ये बर्फावर चालणारी गाडी. हसू नकोस. दिसायला मोटारसायकलसारखी, पण पुढं चाकाच्या जागी दोन घसरपट्ट्या आणि खाली रणगाड्याला असतो तसा रुंद रबरी ट्रॅक. इंजिनाची ताकद त्या ट्रॅकपर्यंत नेतो तो एक जाड पट्टा, दोन पुल्यांवर फिरणारा. म्हणजे तुझ्या पिठाच्या गिरणीचंच काम, फक्त मोटरच्या जागी इंजिन आणि जात्याच्या जागी ट्रॅक. तो पट्टा तुटला की गाडी जागच्या जागी लोखंडाचा ढीग.

आणि तो तुटायचा, माय! मी गेल्यावर पंधरा दिवसांत तीन वेळा तुटला. नवा कोरा पट्टा, कंपनीचा, नंबर बरोबर, पुल्या पुसून स्वच्छ केलेल्या, ट्रॅकमधला बर्फ ठोकून काढलेला, इंजिन आधी नीट गरम केलेलं. सगळं पुस्तकाप्रमाणे. तरी वरच्या वस्तीच्या चढावर, दोन सफेद्याच्या झाडांजवळ गाडी पोचली की फाट् आवाज, आणि झाकणातून धूर. गाडी चालवणारे चाचा साठीचे. मी त्यांच्याकडे पाहिलं की आधीच चिडायचे. "मैंने तोड़ा है क्या? मैं तीस साल से बर्फ पर हूँ!" खालच्या ऑफिसातल्या साहेबांनी फोनवर निकाल देऊन टाकला होता: ड्रायव्हर बदला, नाहीतर मिस्त्री बदला.

मला नोकरीची धास्ती होती, खोटं कशाला बोलू. पण खरी धास्ती सिस्टरची होती. दवाखान्यात एकच नर्स, सगळे तिला सिस्टर म्हणत. वरच्या वस्तीत एक सुतार राहतो, त्याला रोज इन्सुलिन लागतं, आणि ते पोचवायचं काम तिचं. औषध गोठलं की निकामी होतं, म्हणून ती बाटल्या फेरनच्या, म्हणजे तिथल्या लांब लोकरी झग्याच्या आत, अंगाशी धरून न्यायची. तिसऱ्यांदा पट्टा तुटला तेव्हा ती गाडीवरून उतरली, आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही, आणि कमरेएवढ्या बर्फातून चालत वर गेली. चार तास. परत आली तेव्हा तिला बूट काढता येईनात. ते मी काढले. ती रागावली नाही. तेच जास्त लागलं.

मग आठवडाभर बर्फ पडला. रस्ता बंद, खालून काही येणार नाही. माझ्याजवळ शेवटचा एक पट्टा. वरच्या उतारावरून बर्फाचे कडे सुटत होते, तिथून आता पायी जाणं म्हणजे मरण. सिस्टर शेडच्या दारात येऊन उभी राहिली. "मिस्त्रीजी, उनके पास परसों तक की दवा है. उसके बाद नहीं है." एवढंच म्हणाली आणि गेली.

मी गाडीचं झाकण उघडलं. दोन्ही पुल्यांना सरळ सळई लावली. एका रेषेत. मधलं अंतर मोजलं. बरोबर. पट्ट्याचा ताण बोटानं दाबून पाहिला. बरोबर. सगळं बरोबर असताना पट्टा तुटतो तेव्हा माणसाला काय वाटतं, तुला माहीत आहे. त्यावरून तू मला एकदा तोंडावर सुनावलं होतंस.

आठवतं? मी सतरा वर्षांचा आहे, बुलढाण्याला आयटीआयच्या पहिल्या वर्षाला. सुट्टीत घरी आलोय आणि मला वाटतंय की यंत्रातलं आता सगळं मला कळतं. त्याच आठवड्यात आपल्या गिरणीचा पट्टा तीनदा तुटतो. आखाजीचा सण तोंडावर, दारात डब्यांची रांग, दुसरबीडकडून पाहुण्या आलेल्या बायकासुद्धा गहू घेऊन उभ्या. तुझ्या भुवया पिठानं पांढऱ्या, पदर कमरेला खोचलेला. मी पट्टा चढवतो, आणखी ताणून बसवतो, हात झटकतो. तो तुटतो. पुन्हा चढवतो. तिसऱ्यांदा तुटल्यावर मी म्हणतो, "माय, मालच खराब आहे. दुकानदारानं फसवलं."

तू गिरणी बंद केलीस. सगळ्या बायकांसमोर म्हणालीस, "काऊन रे, तीन पट्टे खाल्ले तरी पोट नाही भरलं तुह्यं? नवा चढवता येते तुले. जुना काऊन मेला, हे इचारलं काय त्याले?" बायका हसल्या. माझे कान पेटले. तू तिन्ही तुटके पट्टे माझ्या पुढ्यात टाकलेस आणि माझा हात धरून एकेकाच्या कडेवरून फिरवलास. तिन्हींची एकच बाजू झिजलेली, दोरे सुटलेले. दुसरी बाजू नव्यासारखी. मग मी चिडून दोन पुल्यांना सुतळी लावून दाखवली: बघ, सरळ आहेत! तू सुतळीकडे बघितलंही नाहीस. "रिकामी गिरणी खोटं बोलते, बाप्पा. तिच्यात दाणे टाक, मंग पाह्य."

डब्यातलं चिमूटभर पीठ घेऊन तू पाण्यात कालवलंस आणि मोटरच्या चारही पायांवरून खालच्या फरशीवर एकेक रेघ ओढलीस. त्या रेघा वाळू दिल्यास. मग ज्वारी टाकून गिरणी चालू केलीस. दाणे जात्यात उतरले, मोटर कण्हली, आणि चौथ्या पायावरची रेघ फाटली. आतला बोल्ट तुटलेला होता. वरून झाकण शाबूत, म्हणून कोणाला दिसला नव्हता. रिकामी असताना मोटर गरिबासारखी जागेवर बसायची, ओझं आलं की तेवढा एक कोपरा उचलून तिरपी व्हायची आणि पट्ट्याची कड कापायची. तू कपाळावरचा घाम पुसलास आणि मला म्हणालीस, "जाय, पाना आण." शाबासकी वगैरे काही नाही. डब्यांची रांग होती ना.

त्या शेडमध्ये मी गाडीच्या आसनाखालून तिन्ही तुटके पट्टे बाहेर ओढले, माय. हातमोजे काढले. कडेवरून बोट फिरवलं. एकच बाजू! तिन्हींची एकच बाजू! मी एवढ्या मोठ्यानं ओरडलो की चाचा बाहेरून धावत आले. मी म्हणालो, "चाचा, आटा है घर में?" ते माझ्याकडे अशा नजरेनं बघायला लागले की थंडीनं याचं डोकं गेलं. तरी वाटीभर आणलं. मी ते कालवलं आणि इंजिन ज्या चार रबरी पायांवर बसलेलं असतं, त्या चारहींवरून गाडीच्या सांगाड्यापर्यंत रेघा ओढल्या. चौथा पाय सायलेन्सरच्या मागं, तिथं हात जेमतेम जातो. पीठ क्षणात गोठून कडक झालं.

आता गिरणीत दाणे टाकायचे होते. गाडी मागून दोराने देवदाराला बांधायची आणि ताकद द्यायची. पण पट्टा एकच उरला होता. चाचांनी किल्ली मुठीत धरली. "ये भी टूट गया तो?" मी म्हणालो, टूटा तो यहीं टूटेगा, सिस्टर के साथ ऊपर नहीं. ते स्वतःच गाडीवर बसले. "बस तीन गिनूँगा," म्हणाले. दोर ताठ झाला, झाडावरचा बर्फ आमच्या डोक्यावर कोसळला, चाचांनी तीन मोजले आणि हात सोडला. मी बॅटरी आणि दाढीचा आरसा घेऊन आत डोकं घातलं. तीन पायांवर केसासारखी बारीक भेग. चौथ्यावर बोट जाईल एवढी फट! पहार घालून इंजिन उचललं तर तो कोपरा दातासारखा हलला. रबर मधोमध फाटलेलं होतं. नुसतं उभं असताना दोन्ही तुकडे एकमेकांवर नीट बसायचे. चढ लागला की उघडायचे.

मी नाचलो, माय. खरंच नाचलो, पंचेचाळीस वर्षांचा माणूस. चाचांनी दोन्ही हात वर केले आणि आभाळाकडे बघून म्हणाले, "मैंने कहा था, मैंने नहीं तोड़ा!"

नवं रबर मिळणार नव्हतं. शेडच्या मागं ट्रकचा जुना टायर पडलेला, त्यातून दोन जाड चकत्या कापल्या, वर-खाली लोखंडी वॉशर घालून लांब बोल्टनं आवळल्या. बोटं लोखंडाला चिकटत होती, चाचा मधूनमधून गरम पाण्याचं भांडं माझ्या हाताला लावायचे. संध्याकाळपर्यंत बसलं. पुन्हा चार रेघा, पुन्हा दोर, पुन्हा तीन आकडे. या वेळी चारही भेगा सारख्याच बारीक.

दुसऱ्या दिवशी ऊन पडल्यावर निघालो. पुढं चाचा, मध्ये सिस्टर फेरनच्या आत बाटल्या धरून, मागं मी पहार आणि पाना घेऊन. सफेद्याची दोन झाडं आली. सिस्टरनं डोळे मिटले. मी इंजिनाचा आवाज ऐकत होतो, जसा तुझ्या गिरणीचा बाहेर अंगणातून ऐकायचो. झाडं मागं गेली. चाचांनी मागं न बघता एक हात हवेत उडवला. वर पोचल्यावर मी आधी झाकण काढून पट्ट्यावर तळवा ठेवला. कोमट. हाताला सोसेल एवढाच. सुतार दारात उभा होता, बारीकसा माणूस. त्यानं औषध दोन्ही हातांनी घेतलं, आत ठेवून आला, आणि मग म्हणाला, जरा दाखवा तरी काय केलंत. खाली वाकून त्यानं माझी टायरची चकती पाहिली, बोटानं टकटक केली आणि मान हलवली. कारागिरानं कारागिराला हलवावी तशी. त्यानंतर मी तिथं होतो तोवर आठ खेपा झाल्या. शेवटचा पट्टा शेवटपर्यंत टिकला. नवं रबर आलं ते मी निघायच्या दोन दिवस आधी.

हे सगळं लिहून झालं. तुझी सून आत्ता डोकावून गेली, कोणाला लिहिताय म्हणाली, मी कागदावर हात ठेवला. टाकायचं कुठं हे पत्र, तो प्रश्नच नाही. पण लिहायला बसलो तो नुसता आनंद सांगायला नव्हे, हे मला आता इथपर्यंत आल्यावर कळतंय.

सुताराच्या घरी मिठाचा चहा पीत बसलो होतो तेव्हा सिस्टरनं विचारलं, हे पिठाचं कुठं शिकलात? आयटीआयमध्ये मला पोरं पीठवालीचा पोरगा म्हणत, तेव्हा मी तुझा विषय टाळायला शिकलो होतो. एवढ्या वर्षांनी, एवढ्या लांब, तिथं मला कोण हसणार होतं? तरी माझ्या तोंडातून निघालं, "उस्ताद से."

"कैसे थे आपके उस्ताद?" तिनं विचारलं.

"बहुत सख्त थे," मी म्हणालो. थे म्हणालो, माय. थीं म्हणालो नाही.