एकोणिसाव्या मजल्यावरचं घर

९ फेब्रुवारी

ती. ताईंना नमस्कार,

तुमचे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला गेला का? आम्ही इकडे बरे आहोत. दुकानही बरं चाललंय. परीक्षा जवळ आल्या की आयांना एकदम मुलांचे डोळे आठवतात, त्यामुळे या दिवसांत चार चष्मे जास्त खपतात.

परवा फोनवर तुम्ही रागावलात. “इतक्या दिवसांनी माझा भाऊ हसतोय, आणि तू त्यातही खोडा घालतेस,” म्हणालात. हे समोरच बसले होते, म्हणून मी हूं हूं करत राहिले. आता हे दुकानात आहेत. त्या घराबद्दल मला काय वाटतं ते सगळं लिहिते, म्हणजे मी नुसता आडमुठेपणा करत नाही एवढं तरी तुम्हाला पटेल.

आधी चांगलं सांगते. घर देखणं आहे. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, आम्हा दोघांना पुरून उरेल. उजेड इतका की दिवसा दिवा लावायला नको. धूळ नाही, डास नाहीत, खालचा गोंगाट वर पोचत नाही. लिफ्ट दोन आहेत. गेल्या वर्षी हे पडले, मांडीच्या हाडात लोखंडी पट्टी घातली, तेव्हापासून आमचे दोन जिने चढताना यांना घाम फुटतो. मधल्या वळणावर थांबतात आणि खिडकीतून काहीतरी बघत असल्याचं सोंग करतात. मीही थांबते आणि बघते. तिथे बघण्यासारखं काही नाही, शेजारच्यांची मोरी आहे. नव्या घरी हे सोंग वाचेल.

आणि यांचा चेहरा. तुम्ही तो फोनवर नुसता ऐकलात, मी रोज बघते. वहीच्या मागच्या पानावर नकाशा काढलाय, कपाट इथे, पलंग तिथे. दाढी करताना गुणगुणतात. स्वयंपाकघराच्या ओट्यावरून माझ्याशी चक्क भांडले! मला भांडणाचंही कौतुक वाटलं.

आता वाईट. वारा फार. एक दार उघडं राहिलं तर बाकीची धाडधाड आपटतात. धुणं वाळेल झटक्यात, पण एखादा टॉवेल उडाला तर दुसऱ्या गल्लीत शोधायला जावं लागेल. वीज गेली की एक लिफ्ट बंद. शेजारचं दार तर बंदच असतं, साखर मागायला जायचं तरी कुणाकडे? खाली माणसं मुंग्यांएवढी दिसतात. कोण रडतंय, कोण हसतंय, काही कळत नाही.

बाल्कनीचा कठडा बुटका आहे. माझ्या कमरेला लागतो, म्हणजे यांच्या कमरेच्याही खाली. मी जाळी बसवू का विचारलं. घर दाखवणारी मुलगी म्हणाली, “काकू, जाळी चालत नाही. बाहेरून इमारतीची शोभा जाते.” मी म्हटलं, आतून बसवते. तर म्हणाली, तीही चालत नाही. खिडक्यांना गज लावू का, तर तेही नाही. मी पुन्हा विचारलं तेव्हा तिने विचारलं, “घरात लहान मुलं आहेत का?”

“नाही.”

“मग कशाला काळजी करता?”

हे हसले. म्हणाले, “हिला मीच लहान मूल वाटतो.” ती पोरगीही हसली, मीही हसले.

तर हे असं आहे. सगळं मांडून बघितलं तर चांगल्याचंच पारडं जड दिसतं, मलाही दिसतं. तरी माझं मन घेत नाही. तळमजल्यावर, मागच्या गल्लीत एक घर आहे. अंधारं आहे, ओल आहे. मी ते सुचवलं तर हे त्या दिवशी जेवले नाहीत.

काय करू ते कळवा. भावोजींना नमस्कार.

तुमची धाकटी भावजय


२ मार्च

ती. ताईंना नमस्कार,

तुमचं पत्र मिळालं. वारा कळला, लिफ्ट कळली, पण त्या कठड्याचं एवढं काय घेऊन बसलीस, असं तुम्ही विचारलंत. तुम्ही विचाराल याची भीती होती. आणि विचारावं म्हणूनच ते लिहिलं असेल.

गेल्या वर्षी टाकीचं झाकण बसवताना पाय घसरून हे गच्चीवरून पडले, असं मी सगळ्यांना सांगितलं. ताई, पाय घसरला नव्हता. मी वर गेले तेव्हा झाकण जागच्या जागी घट्ट होतं. कठड्यावर यांच्या चष्म्याची डबी होती. चष्मा पुसून आत ठेवला होता आणि डबी भिंतीला टेकवून ठेवली होती, वाऱ्याने पडू नये म्हणून. ती डबी मी कमरेला खोचली आणि खाली धावले. खाली शेजारच्यांच्या गाडीखान्याचा पत्रा होता, म्हणून मांडीवर निभावलं.

शुद्धीवर आल्यावर हे म्हणाले, “झाकण उडालं होतं.” मी म्हणाले, “हो, वारा होता.” तेव्हापासून आमचा संसार त्या झाकणावर चाललाय.

कारण काय, असं तुम्हाला वाटेल. मलाही माहीत नाही. भांडण नव्हतं, दुकानात खोट नव्हती. आदल्या आठवड्यात तर पडदे धुवायला मला मदत केली होती. तुम्ही तुमच्या दोघांच्या लहानपणात शोधाल, मी माझ्या वागण्यात शोधते. सापडत काही नाही.

आता घराचं सांगते. गेल्या रविवारी आम्ही पडद्यांची मापं घ्यायला तिथे गेलो. ती मुलगी किल्ली देऊन दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेली. हे टेपचं एक टोक घेऊन बाल्कनीत गेले, दुसरं माझ्याकडे. माप झालं.

“सोड आता,” हे म्हणाले.

मला सोडता येईना. मूठ उघडेचना. यांनी हलकेच ओढलं, मीही ओढलं. तेव्हा वळून माझ्याकडे बघितलं, आणि ताई, यांना सगळं कळलं. आत आले, दार लावून घेतलं आणि रिकाम्या खोलीत भिंतीला टेकून खाली बसले. दुखरा पाय लांब करून.

“तुला माहीत होतं?”

“पहिल्या दिवसापासून.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही का नाही बोललात?”

मग मी जे कधी विचारणार नव्हते ते विचारलं. “हे घर तुम्हाला कशाला हवंय? खरं सांगा.”

हे हातातला टेप गुंडाळत होते. म्हणाले, “इथे बरं वाटेल असं वाटतं. सकाळी ऊन येईल, तू ओट्याशी असशील, असं सगळं दिसतं. आणि कधी कधी ते दुसरंही वाटतं. दोन्ही एकदमच येतं गं. त्यातलं खरं कुठलं, ते माझं मलाच सांगता येत नाही.”

मला रडू आलं नाही.

“मग घ्यायचं?” मी विचारलं.

“माझ्या हट्टावर जाऊ नकोस,” हे म्हणाले. “नको घेऊस.”

मी हात दिला, हे उठले. आम्ही किल्ली परत केली. “काका, विचार करून सांगा, असं घर पुन्हा मिळायचं नाही,” ती मुलगी म्हणाली. खरंच बोलली बिचारी.

घर घेतलं नाही, ताई. आणि तुमचा भाऊ पुन्हा गप्प झाला. नकाशाचं पान फाडून टाकलं. गुणगुणणं थांबलं. दुकानात एका बाईंना त्यांच्या नवऱ्याचा चष्मा दिला, त्या तो लावून तशाच घरी गेल्या. तुम्ही म्हणाला होतात, मी यांचा आनंद मोडते. मोडला. तो आनंद कुठे घेऊन चालला होता ते मला कळायला मार्ग नव्हता, आणि यांनाही नव्हता. मी चूक केली की बरोबर, हे आता कुणी सांगू शकणार नाही.

एक मात्र झालं. डॉक्टरकडे चला म्हटलं तर हे नाही म्हणाले नाहीत. ते डॉक्टर मनाचे आहेत. त्यांच्याशी हे माझ्यापेक्षा जास्त बोलले. गोळ्या दिल्यात, गुण यायला वेळ लागेल म्हणाले. माणसाला एकटं ठेवू नका, असं मला बाजूला घेऊन सांगितलं. गच्चीला कुलूप घातलंय. किल्ली कुठे आहे ते लिहीत नाही.

तुम्ही या. आल्यावर रडू नका, “तुला काय कमी आहे” असं विचारू नका. यांच्या शेजारी नुसत्या बसा, लहानपणी बसत असाल तशा. तुम्हाला सगळं लिहितेय हे मी यांना सांगितलंय. “ताईला सांगतेस ते बरं करतेस,” म्हणाले. आठवडाभरात माझ्याशी बोललेलं तेवढंच एक लांब वाक्य.

मला तुमच्याकडून दुसरं काही नको. मी झोपेन तेव्हा घरात कुणीतरी जागं हवं आहे.

वाट बघते.

तुमची भावजय