लिंदोमारचा उजवा हात

मी, आन्सेल्मो तावारेस क्वारेज्मा, राहणार ग्वामा वस्ती, बेलेम, व्यवसाय जिउ-जित्सू कुस्तीची शिकवणी, माझ्या पश्चात भांडणे होऊ नयेत म्हणून हे लिहून ठेवत आहे. गुडघे कामातून गेले आहेत, डोके शाबूत आहे. कुणी हात पिरगळून हे लिहून घेतलेले नाही. आजवर ज्यांनी माझा हात पिरगळायचा प्रयत्न केला त्यांचे काय झाले ते वस्तीला ठाऊक आहे. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. राहते घर पुतण्या ग्लाउबेर, म्हणजे माझा थोरला भाऊ लिंदोमार याचा मुलगा, यास द्यावे. माझा कापडी झुलाही त्यालाच. काका जमिनीला पाठ टेकून का झोपत नाही, असे तो लहानपणापासून विचारत आला. उत्तर कलम ३ मध्ये आहे.

२. बँकेतील शिल्लक वहिनी नेउझा यांस. ती रक्कम ग्लाउबेरच्या मोटरसायकलीवर खर्च होऊ नये.

३. पत्र्याची तालीम, मॅट आणि भिंतीवरच्या घड्याळासकट सगळी सामग्री माझी शिष्या एदिलेने सार्जेस हिला द्यावी. ती शाळेत भूगोल शिकवते, आमच्या रक्ताची नाही. ग्लाउबेर चिडेल, म्हणून कारण लिहितो.

लिंदोमार माझ्या दीडपट होता. बंदरावर हमाली करायचा. आम्ही दोघे लढलो की तो वर आणि मी खाली, हे ठरलेलेच. तो म्हणायचा, "अरे बारक्या, तू पाठीवर पडायचीच सवय कर. उभा राहून काय दिवे लावणार आहेस?" मग मी खालची जागाच आपली केली. पाठीवर पडून, दोन्ही पायांनी वरच्याला रोखून लढायच्या पद्धतीला आम्ही गार्ड म्हणतो. लोकांना वाटते, हा बचाव आहे. तो बचाव नाही. मी त्याची डावी बाही आणि गळपट्टी धरायचो, एक पाय कमरेला लावायचो. त्याने पुढे रेटले की मी त्याला त्याच्या उजवीकडे ओढत असे. मागे सरला की त्याच्याबरोबर उठून उजवीकडेच ढकलत असे. रस्ते दोन, पण दोन्हींच्या टोकाला एकच गोष्ट: पडू नये म्हणून तो उजवा हात जमिनीवर टेकणार. टेकलेला हात एकटा असतो. पिरगळून डाव जिंकायला तोच मला हवा असे. लिंदोमार सापडला की शिव्या घालायचा आणि हसायचा. लहानपणी मोडलेल्या नाकातून त्याचा श्वास शिट्टीसारखा वाजायचा.

मग माराजो बेटावरून येताना त्याची होडी उलटली. बाकीचे सापडले. तो सापडला नाही.

पुढे तालीम उघडली तेव्हा मी एका नव्या पोराखाली पाठ टेकून त्याची बाही ओढली, आणि कानाशी शिट्टी वाजली. पोराने उजवा हात टेकला, बोटे फाकवून, थेट लिंदोमारसारखी. वर पाहिले तर चेहरा पोराचाच. त्या दिवसापासून जो माझ्या गार्डात आला, त्याच्यातून लिंदोमार आला. नंतर तालमीबाहेरही पाठ टेकली की छातीवर वजन येऊ लागले. रात्री झुल्यात पडायचो आणि दिवसा मुद्दाम पाठ टेकायचो. भीती वाटायची, तरी शिकवणीचे तास मी वाढवतच गेलो.

गेल्या वर्षी एदिलेने लढता लढता थांबली.

"मास्तर, हा गार्ड तुम्ही कुणासाठी बनवलात?"

"कुणासाठी म्हणजे? सगळ्यांसाठी."

"नाही. उंच येऊ दे, बुटका येऊ दे, तुम्ही सगळ्यांना एकाच जागी आणता. एकाच माणसाची नक्कल करायला लावता. कोण आहे तो?"

"तोंड कमी चालव, पाय चालव."

"चालवते. पण आज मी हात टेकणार नाही."

"मग पडशील."

"पडेन की! पडलं म्हणून काय होतं? तुमचा सगळा डाव समोरच्याला पडायची भीती आहे यावरच उभाय."

मी ओढले. ती खरेच पडली, खांद्यावरून गोल, मला बरोबर घेऊन, आणि माझ्या पाठीवर येऊन बसली. हात टेकला नाही. शिट्टी वाजली नाही. मॅटवर आम्ही दोघेच होतो. मी तोंड मॅटमध्ये खुपसून रडू लागलो.

ती घाबरली. "मास्तर, खांदा गेला का?"

"नाही गं. माणूस गेला."

मग तिला सगळे सांगितले. तिने विचारले, "तो कधीच पडायचा नाही?" मी म्हणालो, "मेला असता पण पडला नसता." तोंडून निघाले आणि मग माझ्याच कानांनी ते ऐकले.

इतरांबरोबर लढताना तो अजून येतो. मी अजून त्याला तिथे ओढतो. खोटे कशाला लिहू? पण माझ्यामागे हे चालू नये. एदिलेनेने गार्ड शिकवावा, आधी पडायला शिकवून. तिला वाटेल तिथे तो मोडावा. ग्लाउबेर, बाळा, तुझा बाप तुला देता आला असता तर तालीम तुलाच दिली असती. तिथे राहून तू त्याची वाट पाहत बसशील, याची मला भीती वाटते.

४. रिओचे आरोल्दो पिमेंतेल माझा गार्ड स्वतःच्या नावाने शिकवतात. त्यांना काही देऊ नये. ते अंत्ययात्रेला आलेच, तर जेवायला बसवावे. तळलेली मासळी आणि, आमच्या रिवाजाप्रमाणे, असाई फळाचा वाटीभर बिनसाखरेचा गर वाढावा. साखर मागतील. देऊ नये.

५. नेउझा वहिनी दरवर्षी लिंदोमारच्या आत्म्यासाठी चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे मृतासाठीची प्रार्थना, ठेवू या म्हणायच्या. "प्रेत कुठंय? मग कसली मिस्सा?" असे म्हणून मी दरवर्षी त्यांचे तोंड बंद केले. माझे अंत्यविधी सुरू करण्यापूर्वी त्याच चर्चमध्ये माझे दिवंगत बंधू लिंदोमार तावारेस क्वारेज्मा यांच्यासाठी मिस्सा व्हावी. नाव वहिनींनी स्वतः सांगावे. माझी त्यानंतर. तो थोरला आहे.

वाचून पाहिले, बरोबर आहे, म्हणून सही केली.

आन्सेल्मो तावारेस क्वारेज्मा

आमच्यादेखत सही झाली:
१. ओस्मारिना फुर्तादो, शेजारीण
२. बेनेदितो लामेइरा, न्हावी

बेलेम, पारा
९ ऑगस्ट २०१८