माझ्या थडग्यावरचा ‘रमन’

प्रिय थेल्माताईस,

वर्नचा सप्रेम नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? इकडे ह्यूऑनच्या खोऱ्यात सफरचंदं उतरवून झाली आणि माझी तब्येत इतकी ठणठणीत आहे, की मी थडग्याचा दगड करायला टाकला. (घाबरू नकोस. आपला पाथरवट ऑझी दुकान बंद करतोय, आणि परक्या माणसाने कोरलेल्या दगडाखाली मला झोप लागायची नाही.)

नावाखाली काय कोरायचं, म्हणून ऑझीने बेरिलला विचारलं. ती मटार सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "‘रमन होता’ एवढं पुरे." आता ताई, मेलबर्नला राहून तू विसरली असशील, पण आपल्या टास्मानियात रमन म्हणजे काय हे कुणी कुणाला विचारत नाही. भलत्याच घरी पत्रं टाकणारा पोस्टमन रमन, शिंगाने फाटक उघडणारी गायही रमन. पण जन्मभर (खरं तर मेल्यावर) अंगावर वागवायचा शब्द. तो शिवी आहे की कौतुक, हे कळायला नको? बेरिलला विचारलं, तर म्हणाली, "बावन्न वर्षांच्या संसारात कळलं नाही, आता कळून काय दिवे लावणार आहेस?"

मग रविवारी चर्चच्या हॉलमध्ये मी विषय काढला. पायबस मास्तरांच्या मते शब्द कैद्यांच्या जहाजांतून आला; चोरांच्या बोलीत ‘रम’ (‘रम वन’चा रमन) म्हणजे झकास, पुढे त्याचंच ‘विचित्र’ झालं. बेकरीवाली नोला म्हणाली, "कसलं झकास! रम पितो तो रमन." (मी चहाखेरीज काही पीत नाही, हे तिला पक्कं माहीत आहे.) त्यावर पुरावे सुरू झाले. मी बिशपसाहेबांना मधाची पेटी भेट दिली, ती माश्यांसकट. नदीत पडलेली टोपी काढायला ट्रॅक्टर घातला आणि टोपी तेवढी घेऊन पोहत परतलो. शेवटी हात वर करून मतं घेतली: झकास चार, विचित्र एकोणीस.

तेव्हा बेरिल उठली. "पहिल्या नाचाला हा मला न्यायला आला आणि चुकून माझ्या मावशीला घेऊन गेला. चूक कळली, तरी तिला वाईट वाटू नये म्हणून शेवटपर्यंत तिच्याशीच नाचला. मी आईला म्हटलं, हा रमन आहे. आई म्हणाली, मग नाद सोड. मी नाही सोडला."

एवढं बोलून ती खाली बसली. मी मागच्या बाकावरच्या ऑझीला एवढंच म्हणालो, "कोर बाबा."

तुझा धाकटा भाऊ,
वर्न

ता. क. दगड जोडीचा आहे. बेरिलच्या नावाखाली काय, म्हणून ऑझीने मला विचारलं. मी (अगदी प्रेमाने) लिहून दिलं: ‘हीसुद्धा’.

ता. क. २. मंगळवारपासून ती माझ्याशी बोलत नाही. तुमची मागची खोली रिकामी आहे का? शुक्रवारच्या बोटीचं तिकीट काढलंय.