देवाला तू, सर गिल्बर्टना तुम्ही

सोमवार, ४ मे १६६३
नाक कापलं कार्टीनं! काल चर्चच्या दारात सर गिल्बर्ट आले, सगळं गाव वाकलं. आमची डॉर्कस ताठ उभी. वर म्हणते, "गिल्बर्ट, तू बरा आहेस ना?" गावचा जमीनदार, तोच न्यायाधीश — आणि त्याला अरे-तुरे!
लोहारीण खिदळली, "काय गं एलन, लेक कुठली राणी झाली?"
त्या मेल्या क्वेकर पंथवाल्यांची शिकवण. सगळी माणसं म्हणे सारखी. मग आमच्याच ताटात जवाची पेज का, हेही सांगा म्हणावं.

बुधवार, ६ मे
डॉर्कसनं काळे कपडे उतरवले. तिचे वडील मायल्स जाऊन वर्षही झालं नाही — गारपिटीत भिजून आले, छाती भरली, चार दिवसांत गेले. आणि ही म्हणते, "दुःख कपड्यांत नसतं, आई." थोबाडीत दिली.
वारांची नावंही घेत नाही, ती खोट्या देवांची म्हणून. बुधवार म्हणजे 'चौथा दिवस', मार्चपासून मोजून मे म्हणजे 'तिसरा महिना'! वेड्यांचा बाजार.
म्हटलं, "उद्या राजा आला तर?"
"त्यालाही तूच. देवाला तू म्हणतेस ना? मग गिल्बर्ट काय देवाहून मोठा?"
मायल्सच्या बायबलवर एकेक अक्षर लावत मी वाचायला शिकले. आज तेच काढून बसले. श्रीमंतापुढे टोपी काढा, गुडघे वाकवा — कुठे सापडलं नाही. तिला सांगितलं नाही.

मंगळवार, १२ मे
शिपायांनी नेलं तिला. सर गिल्बर्ट म्हणाले, "एकदा वाक, 'तुम्ही' म्हण आणि घरी जा."
"तू मला तू म्हणतोस. मी वेगळं काय म्हटलं?"
एवढासा शब्द! राहा म्हणावं तुरुंगात.

रविवार, १७ मे
तुरुंगात तापाची साथ. डॉर्कसही फणफणली आहे. तरी हट्ट सोडत नाही, हडळ!
मीच जाऊन सर गिल्बर्टचे पाय धरीन. प्रार्थनेला बसले, "तू दयाळू आहेस" म्हटलं — आणि पुढचं सुचेना.

पाचवा दिवस, तिसऱ्या महिन्याची २१, १६६३
गुडघे टेकले. 'आपण मायबाप' इथवर सगळं पाठ होतं.
ते म्हणाले, "म्हातारे, तुझ्या नवऱ्याला रीत कळत होती. त्या गारपिटीतसुद्धा माझं बोलणं संपेपर्यंत टोपी हातात धरून उभा होता."
मी उठले. "किती वेळ उभं ठेवलंस तू त्यांना, गिल्बर्ट?"
शिपायांनी मलाही नेलं. डॉर्कसच्या शेजारच्या पेंढ्यावर जागा होती. तिला पाणी पाजलं.