मूळ तारखेपासून

१ मार्च
काल सामान उतरलं, आज नोकरी सुरू. घर छान आहे. सकाळचं ऊन थेट स्वयंपाकघरात येतं. समोरचा दात पडल्यापासून लेकीला आम्ही बोळकी म्हणतो. ती चिडते, आणि हसताना मुद्दाम खिंडार दाखवते. तीस तारखेला तिला सहा पूर्ण होतील. निळी सायकल जिन्याखाली लपवली आहे. बायको म्हणाली, तुझ्या पोटात काही राहत नाही, एवढं तरी राहू दे.

६ मार्च
ऑफिसात आम्ही दोघंच. वरिष्ठांना गाव पंतोजी म्हणतं. त्यांच्या टेबलावर लहान मुलाचा एक बूट आहे, त्यात पेनं. कुणाचा, विचारलं. म्हणाले, टेबलाबरोबर आला असेल, आपल्याला कुठलं मूलबाळ. काम तारखांचं आहे : शाळा, दवाखाना, वाचनालय, सगळ्यांना महिन्याच्या महिन्याला आठवण पाठवणारा प्रोग्रॅम.

१२ मार्च
चूक सापडली. एकतीस जानेवारीत महिना मिळवला की प्रोग्रॅम अठ्ठावीस फेब्रुवारी देतो. ठीक, फेब्रुवारी तेवढाच. पण पुढचा महिना तो त्या अठ्ठाविसातच मिळवतो. अठ्ठावीस मार्च, अठ्ठावीस एप्रिल. एकदा कापलेले दिवस परत येत नाहीत. दरवेळी मूळ तारखेपासून मोजलं की झालं. एका ओळीची दुरुस्ती. पंतोजी म्हणाले, चालत्या गाडीला खीळ घालू नका.

१९ मार्च
इथली कॅलेंडरं आमच्याच प्रोग्रॅमवरून छापतात, ती अठ्ठाविसावर संपतात. सगळीच. बेकरीवाल्या बाईंना तीस तारखेचा केक सांगितला, तर त्या हसल्या. म्हणाल्या, साहेब, बारा महिने तेरा काळ ऐकलंय, तीस तारीख नाही ऐकली.
बोळकीच्या वर्गात अठ्ठाविसाच्या पुढे एकाचाही वाढदिवस नाही.

२८ मार्च
झोपताना तिने विचारलं, अजून किती झोपा? दोन, म्हणालो.

१ एप्रिल
झोपलो तेव्हा अठ्ठावीस होती. उठलो तर पहिली. बायकोने विचारलं, जिन्याखाली सायकल कुणाची?
आतली खोली रिकामी. ती म्हणते, इस्त्रीचे कपडे ठेवू तिथे.
बोळकी, म्हणालो. कोण बोळकी, म्हणाली.

३ एप्रिल
शाळेत तिचं नाव नाही. पंतोजींना ही पानं वाचून दाखवली. बराच वेळ बूट हातात घेऊन बसले. मग म्हणाले, दुरुस्ती करायची तर करा. पण आपलं माणूस ओळखू येईल ना तुम्हाला?

९ एप्रिल
तिचा आवाज आठवत नाही. नाक कुणावर गेलं होतं— डोळे— काहीच नाही. पहिल्या पानावर आहे तेवढंच उरलं. समोरचा दात.

२८ एप्रिल
ओळ बदलली. मूळ तारखेपासून.

२९ एप्रिल
उजाडलं. एकोणतीस. स्वयंपाकघरात ऊन. जिन्याखाली सायकलची घंटा वाजली— मग दार—
दारात मुलं. पायऱ्यांवर, रस्त्यावर, पार वळणापर्यंत. किती वर्षांची साठलेली— एकाच्या एकाच पायात बूट. सगळी मला बाबा म्हणतात. बायको माझ्या मागे, तिला विचारलं यातली आपली— ती मान हलवते—
पुढे सहा-सहा वर्षांच्या मुली. हसा, म्हणालो. फक्त एकदा हसा.
हसल्या. सगळ्यांचा समोरचा