रक्सौलला निघालेल्या पंधरा टोपल्या

सोमवार, ४ जानेवारी १९३७, अकोला

झालं! बोलून बसलो! वलगावला उत्तमरावांच्या मळ्यात, चारचौघांत, छाती काढून — "काका, तुमची संत्र्याची कलमं मी नेपाळात पोचवून दाखवतो. जिवंत!"

मी किसनरावांच्या अडतीवरचा कारकून. संत्र्याच्या पेट्या कलकत्त्यापर्यंत पाठवल्या असतील, पण देशाबाहेर अजून एक लिंबूही धाडलेलं नाही. आणि वीरगंजच्या कुणा जमीनदाराला हवीत तीनशे कलमं.

उत्तमराव मिशीत हसले. "गोवर्धन, जित्ती पोचली तं शालू तुले देल्ली."

"आन् वाळली तं?" हा सहदेव. माझ्याच खोलीत राहतो आणि माझ्याच पायावर धोंडा पाडतो.

"तं शेषरावाच्या पोराले. त्यायचा मागणीचा निरोप येऊन पडला हाय."

शालू, त्यांची मुलगी! दोन वर्षं त्या मळ्यात कसल्या ना कसल्या कामाने चकरा मारतोय. कामं संपली, तेव्हा कामं काढली. झोप कसली येते आता!

७ जानेवारी

अमरावती स्टेशनात मालबाबू केशवरावांसमोर चार तास. चार कागद, प्रत्येकाच्या तीन प्रती. एका कागदावर रकाना — 'कोणत्या बंदरातून?' नकाशा उघडला. नेपाळला समुद्रच नाही! चहूकडून जमीन.

उत्तमराव सोबत होते. "समुद्र नाई? मंग परदेश कसा झाला?"

केशवराव म्हणाले, "रकाना रिकामा सोडता येत नाई. काई तरी लिहा." मी लिहिलं — 'समुद्र नाही.' त्यांनी वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं आणि शिक्का मारला!

एक युक्ती सुचली आहे. माल कुठवर गेला हे घरबसल्या कळलं पाहिजे. म्हणून गार्डाच्या हाती माझ्याच पत्त्याची पोस्टकार्डं द्यायची. प्रत्येक मोठ्या स्टेशनावरच्या बाबूने सही करायची, टोपल्यांची हालहवाल लिहायची आणि कार्ड पेटीत टाकायचं. स्वतःवरच खूश आहे मी.

९ जानेवारी

पंधरा टोपल्या, टोपलीत वीस कलमं. खुंटांवर संत्र्याचे डोळे भरून ही कलमं केली शालूनेच. मुळाची माती ओल्या गवतात गुंडाळून तरटात शिवलीही तिनेच. कुणाला हात लावू दिला नाही. मी दोरी धरायला गेलो तर म्हणाली, "सोडा. ढिली पडते."

दोन शब्द बोलली! आणि गाडी निघताना एकदा पाहिलं. सहदेव म्हणतो, पत्त्याच्या फळीकडे पाहत होती. असेल! फळीवर अक्षर कुणाचं होतं?

११ जानेवारी

भुसावळ! सही, शिक्का आणि 'टोपल्या ओल्या आहेत'. अडतीवर नाचलो. किसनराव उठून आत गेले.

१४ जानेवारी

संक्रांत. अलाहाबादचं कार्ड आलं, इटारसीचं नाही. किसनराव म्हणतात, "माल उडून गेला काय रे?"

१५ जानेवारी

इटारसी आलं! बाबूने कार्ड दोन दिवस खिशातच ठेवलं होतं, वर माफीही मागितली आहे. देव त्याचं भलं करो.

१८ जानेवारी

मोकामा घाट. हिंदीत लिहिलंय — माल आगबोटीवर चढवून गंगेपार. म्हणजे बिनसमुद्राच्या देशाला जाताना टोपल्या बोटीत बसल्याच! हे उत्तमरावांना कधी सांगतो असं झालंय.

१९ जानेवारी

तार. रक्सौलला, नेपाळच्या सीमेवरच्या चौकीवर माल अडवला! 'कागदावर तीनशे. मोजून तीनशे पंधरा. पंधरा कोणाची?'

मिळेल त्या गाडीने वलगाव. मळ्यात शालूच होती. विचारलं. मी वेडा असल्यासारखी ती माझ्याकडे पाहू लागली. "टोपलीमांगं एक वर घातलं. वर देल्ल्याबिगर कोनी झाडं इकते काय?"

हात कपाळावर मारला. शेकड्याला पाच वर! आपल्याकडे शेंबडं पोरही जाणतं. आणि अडतीचा कारकून असून कागदावर लिहायला मीच विसरलो!

उत्तमराव भडकले. "फुकट देल्लं ते बी चोरी? काय मुलूख हाय!"

२० जानेवारी

मी तार केली — 'पंधरा झाडं वरची. आमची रीत.'

चौकीवरच्या साहेबाचं उत्तर — 'रीत रकान्यात बसत नाही.'

घाबरलेला असूनही हसू फुटलं. माणूस बरा दिसतो. दुसरी तार केली — 'मग काय बसतं?' उत्तर — 'देणगी. देणाऱ्याची सही.' आता देणगीचा कागद. उत्तमरावांची सही, किसनरावांची सही, केशवरावांचा शिक्का. टपालाने रवाना. तिसरी तार — 'कागद येतो आहे. तोवर कृपा करून पाणी घालावे.'

२४ जानेवारी

काही नाही. चौथी तार केली.

२६ जानेवारी

शेषरावांची माणसं वलगावला येऊन गेली म्हणे. बातमी आणली सहदेवानेच. पाचवी तार केली. पोस्टमास्तर आता मला नावाने हाक मारतात.

३० जानेवारी

सुटला! माल सुटला! वाळली फक्त सहा! तीनशे नऊ जिवंत, जमीनदाराची पोच हातात! साहेबाने स्वतः भिस्ती लावून पाणी घातलं, आणि खाली लिहिलं — 'तुमच्या तारांमुळे चौकीत कोणाला झोप नव्हती.'

सहदेवाला उचलून गरगर फिरवला. दोघंही पडलो.

१ फेब्रुवारी, वलगाव

उत्तमरावांनी मिठी मारली. "जबान म्हंजे जबान. पोरगी तुयी!" गूळ वाटला. माणिकबाई, शालूची आई, पेटी उघडून लुगडी काढू लागल्या. माझे पाय जमिनीला लागत नव्हते.

शालू वाफ्यातून आली, हातात डोळे भरायचा चाकू. "किती जगली?"

"तीनशे नऊ!"

काय हसली! इतकी मोकळी हसताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. मग लुगड्यांकडे पाहून म्हणाली, "मा, हे काहून काढून राहिली?"

तिला कुणी सांगितलंच नव्हतं. उत्तमरावांनी पैज सांगितली. सगळे हसले, मीही हसलो. ती चाकू पुसत राहिली.

३ फेब्रुवारी

त्या साहेबाला पाच तारा केल्या. शालूला एका शब्दाने विचारलं नव्हतं. आज गेलो, तिलाच लग्नाचं विचारलं.

"नाई," म्हणाली. मग पाण्याचा तांब्या आणून दिला.