घुबडाला मारलेला दगड

बाबा, दिघाशीजवळच्या एका लहानशा दगडखाणीची शेवटची भिंत आज पाडली. तिच्या कपारीत घुबडाची दोन पिल्लं होती, अजून उडता न येणारी. खाण बंद झाली की तिथे कोणते प्राणी-पक्षी उरलेत ते पाहायचं आणि जंगल पुन्हा कसं उभं करायचं ते सांगायचं, हे माझं काम. तुम्ही असता तर सगळ्या वर्गाला सांगत सुटला असता. पण मी सांगते आणि ते खड्डा बुजवून चार रोपं खोचतात. उन्हाळ्यापर्यंत ती वाळतात आणि सपाट झालेल्या जागेवर वळ गावातल्यासारखी गोदामं उभी राहतात. या वेळी मी एवढंच मागितलं होतं, की पिल्लं उडेपर्यंत ही एक भिंत ठेवा. मालक हसला. "मॅडम, जंगल परत आणा म्हणून तुम्हीच मागे लागता, आणि आता खदान राहू दे म्हणता?" वरच्या साहेबांना फोन केले. बघतो म्हणाले.

आपलं नारपोलीचं स्वयंपाकघर आठवतं. मागच्या लूमच्या, त्या यंत्रमागाच्या शेडच्या पत्र्यावर घुबड येऊन बसलंय. आत्याने घाईघाईने खिडकी लावलीय आणि मला बजावतेय, त्याला दगड मारायचा नाही. ते दगड उचलून नेतं, घासत बसतं, आणि दगड झिजेल तसा मारणारा झिजतो. तुम्ही अर्ध्या पोळीवरून उठता. "विज्ञानाच्या मास्तराच्या घरात हे असलं बोलायचं नाही," म्हणून ओरडता, मला हाताला धरून बाहेर नेता आणि मुद्दाम बाजूला जाईल असा एक खडा मारता. "बघत राहा, मी झिजतो का." मी खरंच कितीतरी दिवस तुमच्याकडे निरखून बघत होते. पुढे बऱ्याच वर्षांनी त्या आजारात तुमच्या अंगावरचं सगळं मांस गेलं, तेव्हा आत्या एकदाच माझ्याकडे बघून "तो दगड" म्हणाली. मी तिच्याशी बोलणंच सोडलं.

काल पोकलेन भिंतीला लागला, तेव्हा मी आडवी गेले. चालवणारा गावातलाच. नियम सांगितले, पिल्लं दाखवली. "मी काय करू? शेठ सांगल तसं करायचं, ड्युटी हाय माझी." मग मी त्याला ती दगडाची गोष्ट सांगितली. त्याने मशीन बंद केलं. "आमची आय पन ह्येच सांगायची. पन खरं हाय का ह्ये? तुम्ही तं शिकलेल्या." मी म्हटलं, खरं आहे. माझ्या वडिलांनी मारला होता. शेवटी नुसती हाडं उरली होती त्यांची. तो चावी काढून खाली उतरला आणि घरी निघून गेला.

आज सकाळी शेठने दुसरा माणूस आणला. त्यालाही सांगायला गेले, तर "उड जाएगा, मॅडम," म्हणत त्याने कानात इयरफोन घातले. दुपारपर्यंत भिंत खाली आली. मोठं घुबड भर उन्हात खडी फोडायच्या क्रशरवर बसून होतं, कावळे त्याला टोचत होते, तरी हलत नव्हतं. तुमच्या आजारपणाच्या बदल्यात त्या पिल्लांना एक दिवस मिळाला, बाबा. तुमची माफी मागावी म्हणून लिहायला बसले. पण पुढच्या खाणीवरही मी हेच सांगणार आहे.